खाली उतरायला पायऱ्या

गाडीच्या विम्याचा कागद शोधत होते. पुढच्या कप्प्यात हात घातला की जे निघायचं तेच निघालं: पेट्रोलच्या पावत्या, वितळून पुन्हा घट्ट झालेलं चॉकलेट, टायरमधली हवा मोजायची नळी, कधीच्या तरी पार्किंगची चिठ्ठी. आणि अगदी तळाशी चार घड्या घातलेला हिरवा खण. काठाला तपकिरी डाग. घडी उलगडली तर आत तांदळाचे पाच-सात दाणे, कुंकवानं लालसर झालेले. नाकाशी नेला. वास कसलाच नव्हता, पण मला उगीच चिखलाचा आला. विम्याचा कागद मिळायचा राहिला आणि मी गॅरेजमध्ये गाडीचं दार उघडं टाकून बसून राहिले.

हा खण आईनं मिसिसिपीला नेला होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आई वाईहून आमच्याकडे, अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉलला, सहा महिन्यांसाठी आली होती. सेंट पॉलच्या मधूनच मिसिसिपी वाहते, त्यामुळं भाजी आणायला निघालो तरी ती एकदा ओलांडावी लागते. प्रत्येक वेळी पूल आला की आई हात जोडायची आणि मग पर्समध्ये नाणं शोधायची. काच खाली करेपर्यंत पूल संपलेला असायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिनं नाणी काढून मुठीत धरून बसायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला सांगितलं की इथं धावत्या गाडीतून काही फेकलं तर दंड होतो. ती म्हणाली, "नदीला पैसा टाकला तर दंड? कमाल आहे बाई." नाणी पर्समध्ये परत गेली. नवरात्रात मात्र तिनं ऐकलं नाही. भारतीय दुकानातून नारळ आणला, बॅगेतून खण निघाला (खण ती येतानाच घेऊन आली होती, म्हणजे हा बेत वाईतच ठरला असणार) आणि सातव्या माळेला म्हणाली, "चल, तुझ्या नदीची ओटी भरून येऊ."

आता जायचंच आहे तर जरा लांब जाऊ, असं मीच म्हटलं. ऑक्टोबर होता, झाडांची पानं पिवळी-तांबडी झाली होती आणि आमच्या घरापासून तासाभरावर ग्रेट रिव्हर रोडचा सगळ्यात देखणा तुकडा आहे. नाव ऐकून एक सलग महामार्ग डोळ्यांपुढे येतो, तसा तो नाही. उगमापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत दहा राज्यांतले, दोन्ही काठांवरचे, गावचे, राज्याचे, केंद्राचे असे जे जे रस्ते नदीला धरून जातात, त्यांना एकाच नावाच्या दोरीत ओवलंय. १९३८ साली ही कल्पना निघाली. सगळे मिळून सुमारे ३००० मैल होतात. कुठं चार पदरी, कुठं आपल्या खंडाळ्याच्या आतल्या वाटांसारखा एकेरी. ओळखायची खूण एकच, हिरवं सुकाणूचं चाक आणि त्यात एक वाफेची बोट. हे चाक दिसत राहिलं की समजायचं, नदी इथंच कुठंतरी आहे.

"कुठंतरी" हा शब्द मी तेव्हा सहज वापरला असता.

प्रेस्कॉट गावाशी आम्ही शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याच्या काठाला आलो. तिथं सेंट क्रॉय नदी येऊन मिसिसिपीला मिळते. वरच्या बागेतून दोन्ही पाणी वेगळं दिसतं, सेंट क्रॉयचं निळसर-काळं आणि मिसिसिपीचं गढूळ, आणि बरंच अंतर ती दोघी एकमेकींना न मिसळता शेजारून जातात. आईनं कठड्याला पोट टेकून बराच वेळ पाहिलं. "माहुलीला असंच आहे," म्हणाली. "कृष्णा आणि वेण्णा. पण तिथं पाण्यात उभं राहून बघता येतं." मी हो म्हटलं आणि गाडीकडे वळले. तिचं ते वाक्य मला तेव्हा ऐकू आलं, पोचलं नाही.

त्यापुढचा रस्ता लिहून सांगण्यासारखा नाही, आणि तरी मी सांगणार आहे. एका हाताला चुनखडीचे उभे कडे, काही ठिकाणी पाचशे फूट उंच. हिमयुगात बर्फाच्या लाद्यांनी आजूबाजूचा सगळा मुलूख रंध्यानं तासल्यासारखा सपाट केला, पण हा भाग त्यांच्या तडाख्यातून सुटला, म्हणून इथं अजून डोंगर-दऱ्या आहेत. दुसऱ्या हाताला नदी, आणि नदी तरी कसली, लेक पेपिन. चिपेवा नावाची एक उपनदी शतकानुशतकं इतकी वाळू आणून टाकते आहे की मिसिसिपी तिच्या मागे तुंबून राहिली आणि तिचं सुमारे बावीस मैलांचं तळं झालं. धाकटीनं थोरलीची वाट अडवायची, हे आईला फार आवडलं. त्या दिवशी वारा नव्हता. पाण्यात पलीकडचे मिनेसोटाचे डोंगर उलटे पडले होते, लाल, भगवे, मधेच एखाद्या ओकचा काळपट तपकिरी. मेडन रॉक, स्टॉकहोम अशी गावं येत होती, शंभरेक माणसांची, ज्यांना गाव म्हणावं का वाडी असा प्रश्न पडावा. सफरचंदाच्या टोपल्या रस्त्याकडेला मांडलेल्या. गाडीत सफरचंदाचा वास आणि आईच्या पिशवीतल्या उदबत्तीचा वास एक झाला होता. दर पाच मिनिटांनी आई विचारायची, "इथं थांबायचं?" आणि मी म्हणायची, "इथं नको, पुढं आणखी छान आहे."

मग ती आणखी छान जागा आली. कड्याच्या पायथ्याशी गाड्या लावायला जागा, बाकडी, माहितीचा फलक. सगळे जण गाडीतून उतरत होते, फोटो काढत होते, दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभे राहत होते आणि निघून जात होते. आई पिशवी घेऊन उतरली, थेट कडेला गेली आणि इकडंतिकडं बघू लागली. बाथरूम शोधते आहे असं मला वाटलं.

"इथं खाली उतरायला पायऱ्या नाहीत का गं?"

खाली झुडपं, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ, आणि रुळांपलीकडे पाणी. मी हसले. आणि म्हणाले, "अगं आई, इथं नदी बघायची असते."

तेवढ्यात मालगाडी आली. मैलभर लांब, तेलाच्या काळ्या टाक्यांची. ती जाईपर्यंत आम्हाला नदीही दिसेना आणि एकमेकींचं बोलणंही ऐकू येईना. आई पिशवी छातीशी धरून उभी होती. तिनं डबे मोजायला सुरुवात केली होती, ओठ हलत होते. शंभराच्या पुढे कुठंतरी तिनं नाद सोडला.

ते माझं वाक्य मला अजून बोचतं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच जास्त. मी या रस्त्यावरून वीसेक वेळा गेले असेन. पाहुणे आले की इथंच आणते. फोनमध्ये या पाण्याचे शेकड्यांनी फोटो आहेत, चारही ऋतूंतले. हिवाळ्यात पलीकडच्या वाबाशा गावाशी पाणी गोठत नाही, म्हणून तिथं गरुड जमतात, ते बघायला उणे वीसमध्ये उभी राहिले आहे. आणि बारा वर्षांत त्या पाण्याला माझा हात लागलेला नव्हता. एकदाही नाही. वाईत ज्या मुलीचे दप्तर शाळेतून घरी पोचायच्या आधी घाटावर पोचायचं, तिचा.

वाईतल्या माणसाला घाट सांगावा लागत नाही. गंगापुरीचा, मधल्या आळीचा, गणपती आळीचा, प्रत्येक आळीचा आपला घाट आणि प्रत्येक घाटाचा आपला कृष्णाबाईचा उत्सव, ओळीनं. त्या दिवसांत आमच्या घाटाची पाळी आली की आम्ही पोरं पंगतीत पाणी वाढायला. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, त्यात पावसाचं पाणी साठायचं. अनवाणी बसलं की दगड उन्हाळ्यात चटका द्यायचा आणि दोन पायऱ्या खाली गेलं की गारठा. पाणी आज कितव्या पायरीला आहे, यावर आजोबा पावसाचा अंदाज सांगायचे. म्हणजे पायऱ्या हे आमचं नदीचं घड्याळही होतं आणि तिच्याशी बोलायची जागाही. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत गेला की गंगा कृष्णेला भेटायला येते म्हणतात. २०१६ च्या कन्यागताला मी इथं होते. आईनं तेव्हा फोन घाटावर नेऊन मला ती गर्दी दाखवली होती. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बघितली. तीही बघितलीच.

पण हे सगळं मला त्या दिवशी मालगाडीच्या आवाजात सुचलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. तेव्हा मी फक्त वैतागले होते. एवढा देखावा समोर आहे आणि हिला पायऱ्या हव्यात.

पायऱ्या आहेत, खरं तर. मिनिआपोलिसपासून सेंट लुईसपर्यंत या नदीवर एकोणतीस लॉक आहेत. १९३० च्या दशकात, जहाजांना निदान नऊ फूट पाणी मिळावं म्हणून, धरणं घालून नदीचे टप्पे केले आणि प्रत्येक धरणाशी पाण्याचा एक हौद ठेवला. बोट आत शिरते, दार लागतं, पाणी काढतात, बोट खालच्या टप्प्याच्या पातळीला येते, पुढचं दार उघडतं. असं करत ती सुमारे चारशे फूट खाली उतरते. पुढं अल्मा गावात रस्त्यालगतच चौथा लॉक आहे आणि तो बघायला उंच मचाण बांधलंय. पंधरा-पंधरा बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू पडाव, एकत्र बांधून एक बोट ढकलत आणते, मक्यानं आणि सोयाबीननं भरलेले, आणि ते धूड इंचाइंचानं त्या हौदात बसवतात. तासन् तास बघण्यासारखं काम आहे. म्हणजे नदीला पायऱ्या आहेत, एकोणतीस आहेत, पण मक्यासाठी.

ओटी शेवटी भरली ती पेपिनच्या पुढं, बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर. काँक्रीटचा एक उतार सरळ पाण्यात जातो, घसरू नये म्हणून त्यावर आडव्या खाचा. त्या खाचा बघून आई म्हणाली, "हा बघ घाट." शेजारी मोठा फलक: बोट स्वच्छ करा, पाणी काढून टाका, वाळवा. झेब्रा शिंपल्यांचा उपद्रव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ नये म्हणून. मी आईला म्हटलं की इथं पाण्यात काहीही सोडायचं नाही, नारळ तर नाहीच. मला वाटलं, आता वाद. ती शांतपणे म्हणाली, "कृष्णेत तरी आता कुठं सोडतो? पाण्याला लावायचं आणि परत घ्यायचं."

मग तिनं मला या नदीचं नाव काय, म्हणजे नावाचा अर्थ काय, ते विचारलं. मी सांगितलं की इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत मिसि-झीबी, मोठी नदी. "एवढंच?" ती जरा हिरमुसली. कुणाची मुलगी, कुणाची बहीण, कुणाच्या शापानं आली, असं काहीतरी तिला हवं होतं. मला फार काही ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं ते सांगून मी घोटाळा केला. म्हटलं, "इंग्रजीत हिला जलांचा बाप म्हणतात."

आईचा हात तांदळाच्या पुडीवर थांबला. "बाप? मग हा नद आहे होय? ब्रह्मपुत्रेसारखा?"

"म्हणण्याची पद्धत आहे गं."

"पण बाप्याची ओटी कशी भरायची?"

इथं मला हसू आवरेना आणि त्याच वेळी आमच्या मागे एक माणूस येऊन थांबला. मोठा ट्रक, मागं बोट लावलेली, उतारावर उलटा येण्यासाठी वाट बघत होता. त्यानं काच खाली केली आणि अगदी सौजन्यानं विचारलं, तुमची बोट आत गेली आहे का बाहेर यायची आहे? मी सांगितलं की आमच्याकडे बोट नाही, ही माझी आई आहे. हे उत्तर त्याला का पटलं कोण जाणे, पण त्यानं मान हलवली आणि इंजिन बंद केलं.

तोवर आईनं निकाल लावला होता. "कृष्णा तरी कोण आहे? विष्णूच की. सावित्रीनं शाप दिला म्हणून नदी झाला. वेण्णा म्हणजे शंकर आणि कोयना म्हणजे ब्रह्मदेव. मग जन्मभर आपण भरतोच ना ओटी?" आणि चपला काढून ती उतारावरून पाण्यात गेली. मी "आई, घसरशील" म्हणत तिचा दंड धरायला धावले, बुटांसकट. पाणी इतकं गार होतं की माझ्या तोंडून हुंकार निघाला. तिनं पाण्याला हळद-कुंकू वाहिलं, चिमूटभरच, फलकाचा मान राखून. खण पाण्यावर पसरला, त्यावर नारळ टेकवला, तांदूळ खणात घातले आणि पुन्हा सगळं गोळा करून उचललं. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. वर येऊन तिनं ट्रकवाल्याकडे बघून मान डोलावली, जशी ती घाटावर पुढच्या बाईला जागा देताना डोलावते. त्यानंही डोलावली आणि बोट उलटी आणायला लागला.

त्या नारळाच्या वड्या केल्या. खण वाळेपर्यंत डॅशबोर्डवर पसरला होता, तिथून मीच कधीतरी कप्प्यात टाकला असणार.

पुढच्या वसंतात कामानिमित्त न्यू ऑर्लिन्सला गेले. एक दिवस मोकळा होता म्हणून गाडी भाड्यानं घेतली आणि बॅटन रूजकडे नदीकाठानं निघाले. तेच हिरवं चाक, तोच ग्रेट रिव्हर रोड. आमच्याकडची ती वरची सडपातळ मुलगी इथं येईपर्यंत ओहायो, मिसूरी, अर्कान्सा सगळ्यांना पोटात घेऊन केवढी झाली असेल, या उत्सुकतेनं गेले होते. तासभर गाडी चालवली आणि नदी दिसलीच नाही. रस्त्याच्या एका बाजूला दोन मजल्यांएवढा गवताचा बांध, मैलोन्मैल. दुसऱ्या बाजूला उसाची शेतं, जुन्या मळेवाल्यांचे पांढऱ्या खांबांचे वाडे, त्यांच्या मागे गुलामांच्या लाकडी खोल्या, मग एकदम तेलशुद्धीचे आणि रसायनांचे कारखाने, पाईपांचे गुंते आणि एक गोडसर, घशात बसणारा वास. पुन्हा ऊस. वॉलेस गावातला एक मळा आता संग्रहालय आहे आणि तिथं वाड्याऐवजी गुलामांची गोष्ट सांगतात. भिंतींवर नुसती नावं कोरलेली आहेत. तिथून बाहेर आले, समोर बांध. त्या नावांपैकी कितीतरी जण याच नदीनं इथं आणले गेले असतील. मी बांधाकडे बघत असताना गवताच्या वरून एका जहाजाचा पांढरा माथा सरकत गेला. समुद्रात जाणारं मोठं जहाज. खालचं जहाज दिसत नाही, पाणी दिसत नाही, नुसता माथा गवतावरून चाललाय, कुणीतरी गंगेच्या प्रवाहावरून पालखी नेत असावं तसा.

नदी माझ्या डोक्याच्या वर होती, हे मला तेव्हा कळलं.

१९२७ च्या पुरात या नदीनं सुमारे २७,००० चौरस मैल मुलूख बुडवला होता, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ पाव भाग. न्यू ऑर्लिन्स वाचावं म्हणून शहराच्या खाली कार्नार्व्हनला बांध सुरुंग लावून फोडला आणि पाणी सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्सच्या गरीब लोकांच्या घरांत सोडलं. त्यानंतर हे आजचे बांध. एका बाजूनं विचार केला तर योग्यच आहे. २००५ साली आणि २०१९ साली सांगलीत पाणी शिरलं तेव्हा मीही म्हटलंच होतं की काहीतरी भिंत घाला. पण वाईचा ढोल्या गणपती आठवतो. १७६२ चं रास्त्यांचं देऊळ, अगदी पाण्यात उभं. त्याची मागची भिंत माशासारखी टोकदार बांधली आहे, पुराचं पाणी त्या टोकाशी दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. पूर येणार हे धरूनच बांधलंय. दरवर्षी पाणी गणपतीपर्यंत आलं की अख्खी वाई बघायला जमते, घाबरत आणि कौतुकानंही. अर्थात एका देवळाला जे जमतं ते शहराला जमत नाही, हे मलाही कळतं. तरीपण.

बांधावर चढायला एक पायवाट सापडली. वर गेले. गाई चरत होत्या. नदी होती, प्रचंड, चहाच्या रंगाची. पलीकडच्या काठाशी बार्ज बांधलेले. खाली पाण्यापर्यंत झुडपं आणि चिखल. उतरले नाही. एकटी होते, बूट चांगले होते, विमान गाठायचं होतं. कारणं बरीच होती.

त्याच उन्हाळ्यात इटास्काला गेलो, उगमाशी. आमच्या घरून चार तास. तळ्याच्या तोंडाशी दगडांची एक रांग आहे, ती संपते तिथं नदी सुरू होते. वीसेक फूट रुंद, गुडघाभर पाणी. शेजारी लाकडाच्या ओंडक्यावर पिवळ्या अक्षरांत कोरलंय, समुद्रसपाटीपासून १४७५ फुटांवर, इथून आखातापर्यंत २५५२ मैल. आता मोजणारे २३०० च्या पुढे-मागे सांगतात, ओंडका कुणी बदललेला नाही. इथं मात्र कुणी नुसतं बघत नाही. सगळे पाण्यात. म्हाताऱ्या, कुत्री, लंगोटातली बाळं, एक नवरा-नवरी लग्नाच्या कपड्यांत. दगडांवरून पाय टाकत मिसिसिपी ओलांडायची, पडायचं, हसायचं, परत ओलांडायची. घाटावरचा आवाज होता तो, अगदी तोच, फक्त इंग्रजीतला. हे दगडही मूळचे नाहीत म्हणे. इथं नुसती दलदल होती, १९३० च्या मंदीत सरकारनं कामाला लावलेल्या पोरांनी ती भरली, पात्र नीट केलं, खाली काँक्रीट घातलं आणि वर दगड मांडले. एक बाई कुणालातरी हे सांगत होती, फसवल्यासारख्या सुरात. मला काही वाटलं नाही. महाबळेश्वरचं गोमुखही कुणीतरी घडवलंच आहे.

मी चपला काढल्या. पाणी कोमट होतं, ऑक्टोबरच्या पेपिनसारखं नाही. मधल्या दगडावर पोचले तेव्हा खण आठवला. तो गाडीत होता आणि गाडी अर्ध्या मैलावर. नवरा म्हणाला, आणू का? मी नको म्हटलं आणि तिथंच उभं राहून आईला व्हिडिओ कॉल लावला. भारतात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तिला पाणी दाखवलं, दगड दाखवले, ते नवरा-नवरी दाखवले. गुडघ्यांमुळे ती स्वतः आता घाटाच्या वरच्या पायरीवरच बसते. खाली कुणी शेजारची पोर गेली तर तिच्याकडून तांब्याभर पाणी मागवून घेते.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "तिकडं तर केवढी होती."

"हो."

"पाय टाकलास का?"

मी कॅमेरा खाली वळवला. पाण्यात माझी पावलं होती, थरथरती, जरा मोठी दिसणारी, आणि त्यांच्यामधून वाळूचे कण पुढं चालले होते. एक थेंब इथून आखातात पोचायला नव्वद दिवस लागतात, असं तिथल्या फलकावर आहे. ते तिला सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे नवरात्र येईल की."

विम्याचा कागद नंतर घरात, टपालाच्या ढिगात सापडला. खण घडी करून पुन्हा कप्प्यातच ठेवला आहे.